रकाना वाढवायला काय लागतंय?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांब झालंय, कापायचं असेल तर कापा पण दाखल्यावरच्या टिंबाचा किस्सा तेवढा ठेवा, कारण सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय.

मी इचलकरंजी-जयसिंगपूर पट्ट्यात गेली चोवीस-पंचवीस वर्षं पतसंस्था, शाळा, दूध संस्था यांची सॉफ्टवेअरं लिहितो आणि सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय तर सकाळी साडेनऊला फोन येतो, "साहेब, एक रकाना वाढवून द्या की, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांचं हे शंभर टक्के खरं आहे. डेटाबेसच्या टेबलात (म्हणजे कॉम्प्युटरातल्या रजिस्टरात) नवीन कॉलम, म्हणजे रकाना, घालायची आज्ञा एका ओळीची असते, आल्टर टेबल, टेबलाचं नाव, अ‍ॅड कॉलम, कॉलमचं नाव, झालं. माझ्या पोराला शिकवली तरी तो देईल. पण त्या एका ओळीनंतर जे सुरू होतं ते मी पंचवीस वर्षं निस्तरतोय आणि ते एकदा कुणीतरी पेपरात लिहायला पाहिजे असं वाटलं.

निमित्त आईच्या नावाचं. मार्च 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारनं ठरवलं की 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव कागदपत्रांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव असं लिहायचं. निर्णय चांगला आहे, उशिराच झाला म्हणेन मी. आणि टेबल सांभाळणारा माणूस म्हणून सांगतो, लिहिणाऱ्यानं डोकं लावून लिहिलाय, कारण त्यात तारीख आहे. या तारखेपासून पुढच्यांना लागू, मागच्यांना नाही. अनाथ मुलांसारख्या अपवादांचाही विचार केलेला आहे. म्हणजे जुन्या ओळींना हात लावायचा नाही हे त्यातच आलं. त्या तारखेनंतर जन्मलेली पोरं पहिलीत यायला 2030 उजाडणार, तोपर्यंत शाळांना भरपूर वेळ.

आता प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. माझ्याकडच्या एका शिक्षणसंस्थेनं (नाव सांगत नाही, पोट आहे माझं त्यांच्यावर) निर्णयाचा कागद नीट न वाचताच फतवा काढला, की आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या पूर्ण नावात आईचं नाव आलं पाहिजे, आठ दिवसात, आणि रकाना कम्पल्सरी, भरल्याशिवाय सेव्हच होता कामा नये. सगळ्या म्हणजे किती सगळ्या? तर संस्थेनं जुनी जनरल रजिस्टरं टाइप करून घेतलीत, 1961 पासूनची. त्यात शेवटच्या वीसेक वर्षांतल्या पोरांच्या आयांची नावं मिळतात, त्याच्या मागं रजिस्टरात तो रकानाच नव्हता. 1961 साली पहिलीत बसलेल्या पोराच्या आईचं नाव आता कुणाला विचारणार? तो पोरगाच आज सत्तरीच्या आसपास.

मी म्हटलं, अहो जुन्यांना रिकामं राहू द्या. तर म्हणाले, रिकामं दिसलं तर वरून विचारतात. क्लार्क मॅडम शहाण्या बाई, त्यांनी वाद घातला नाही, त्यांनी टिंब टाकलं. एक टिंब टाकलं की रकाना "भरला", सॉफ्टवेअर खूश, संस्था खूश, साडेतीन हजार ओळींत साडेतीन हजार टिंबं, आठ दिवस कशाला, तीन दिवसात काम फत्ते आणि मॅडमचा मीटिंगमध्ये सत्कार.

सहा महिन्यांनी एक आजोबा आले. नातवाच्या जात पडताळणीला आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती. कॉम्प्युटरवरून छापून दिली, सही शिक्का झाला, आजोबा एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेले. तिथं खिडकीवरच्या माणसानं दाखला वर धरला, खाली ठेवला आणि परत केला. नाव, मग टिंब, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. "मूळ रजिस्टरच्या झेरॉक्समध्ये हे टिंब नाही, नावात तफावत आहे, शाळेकडून पत्र आणा." त्या माणसाचंही चूक नाही हो, त्याला तफावत शोधायलाच बसवलाय. आजोबा परत शाळेत, शाळेचा मला फोन, मी दुपारी जाऊन बघतो तर आजोबा बाकावर बसलेले, हातात तो दाखला, आणि मला म्हणतात, "साहेब माझ्या आईचं नाव तानूबाई होतं, मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की." यावर मी काय बोलणार.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलम वाढवणं हे काम नाहीच, आधीपासून टेबलात बसलेल्या ओळींचं त्या कॉलममध्ये काय करायचं हे काम आहे, आणि ते कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

हे काही आजचं नाही. आपल्याकडे गावोगाव 1 जूनला वाढदिवस असणारी माणसं किती आहेत बघा, प्रत्येक घरात एखादा सापडेल. फेसबुकवर त्या दिवशी नुसता पाऊस पडतो शुभेच्छांचा. त्या सगळ्या आया काय 1 जूनलाच बाळंत झाल्या? पोरगं शाळेत आणलं, जन्मतारखेचा रकाना भरायलाच लागतो, घरच्यांना माहीत काय तर "मोठ्या पुराच्या वर्षी झाला बघा", मग मास्तरांनी वयाचा अंदाज घेऊन साल टाकलं आणि तारीख 1 जून. आमच्या भाषेत याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. मास्तरांना कॉम्प्युटर माहीत नव्हता पण नॉट नल विथ डिफॉल्ट (रिकामं ठेवायचं नाही, काही नसेल तर ठरलेलं टाकायचं) त्यांनी आमच्या कितीतरी आधी केलं. आणि परिणाम बघा, 1 तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी 31 मेला ऑफिसं ओस पडतात, एकाच दिवशी निरोप समारंभांची रांग लागते, नारळ आणि शाली मिळत नाहीत. एका रकान्यात अंदाजे भरलेली गोष्ट पन्नास-साठ वर्षांनी असा हिशोब मागते. माझे काका असेच 1 जूनचे, त्यांची खरी तारीख आजीलाच माहीत होती आणि ती तिथीनं, आषाढातली.

मास्तरांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्याकडे "माहीत नाही" लिहायची सोय नव्हती. आमच्याकडे आहे. तिला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, रिकामी जागाही नाही, इथं काही नोंद नाही एवढाच त्याचा अर्थ. पण ऑफिसात नल बघितला की लोकांना वाटतं कुणीतरी काम चुकवलंय. खरं तर आईचं नाव नसण्याचेच तीन प्रकार आहेत, आम्ही विचारलंच नाही, विचारलं पण त्यांना माहीत नाही, आणि या मुलाला हा प्रश्न लागूच होत नाही. ही टेबलांची सगळी कल्पना ज्यांनी 1970 साली मांडली ते आयबीएमचे एडगर कॉड, त्यांनासुद्धा पुढे एका नलवर समाधान वाटेना, "आहे पण माहीत नाही" आणि "लागू नाही" यांच्या खुणा वेगळ्या हव्यात असं त्यांनी मांडलं होतं. ते फारसं कुणी ऐकलं नाही. ठीक आहे, दोन खुणा नकोत, पण एक तरी ठेवू द्या ना. रकान्यापुढं लाल चांदणी (भरलंच पाहिजे अशी खूण) लावून तीही काढून घेतली की लोक टिंब टाकतात, डॅश टाकतात, एनए टाकतात, एबीसी टाकतात, एकानं तर आईच्या नावाच्या जागी "आई" लिहिलं होतं. आता शोधा किती ओळी खऱ्या आणि किती खोट्या. नल मोजता येतो, एका ओळीच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) कळतं इतक्या जणांचं राहिलंय. टिंबं मोजायला जावं तर कुणी दोन टाकलेली असतात.

माझ्या स्वतःच्या चुका पण सांगतो नाहीतर म्हणाल दुसऱ्यांवरच घसरतोय. पूर्वी एका पतसंस्थेत एसएमएस सुरू करायचं ठरलं, खातेदारांच्या टेबलात मोबाइल नंबरचा रकाना घालायचा होता. मी तरुण होतो, घाईत होतो, नंबर आहे म्हणजे नंबरच की, म्हणून साधा इंटिजर, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, दिला. आता त्या इंटिजरमध्ये जास्तीत जास्त 2147483647 एवढाच आकडा मावतो, आणि आपले मोबाइल नंबर त्यावेळी 9 नं सुरू व्हायचे. जुनं मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) होतं, ते आजच्यासारखं अडून बसायचं नाही, मोठा आकडा आला की गुपचूप कापून जास्तीत जास्त मावेल तेवढा ठेवून द्यायचं, वॉर्निंग यायची पण ती बघतो कोण. दोन क्लार्कनी आठवडाभर बसून फॉर्मवरून अकराशे नंबर भरले. शनिवारी चेअरमननी सहज स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "अरे या सगळ्यांचा एकच फोन आहे काय?" दहा आकडी असल्यामुळे तो नंबर वाटतो पण मोबाइलसारखाच, त्यामुळे आठवडाभर कुणाला शंका आली नाही. एका पिग्मी एजंटनं (रोजची बचत गोळा करणाऱ्यानं) तर तो लावून पण बघितला म्हणे. खरे नंबर डेटाबेसात उरलेच नव्हते, परत पहिल्यापासून फॉर्म काढून भरायला लागले, दोन्ही क्लार्कना मी वडापाव खायला घातला आणि महिनाभर त्यांची नजर चुकवली. तेव्हापासून जे बेरीज-वजाबाकी करायला लागत नाही ते नंबर असलं तरी अक्षरं म्हणूनच ठेवायचं, मोबाइल, आधारचे बारा आकडे, खाते क्रमांक, सगळं.

दुसरी भानगड मराठीची, ही इंग्रजीत काम करणाऱ्यांना कळतच नाही. आईचं नाव मराठीत हवं म्हणाले, कॉलमची लांबी वरून ठरून आलेली, 30. तीस अक्षरं म्हणजे चिक्कार असं कुणालाही वाटेल. पण तो डेटाबेस ओरॅकल होता आणि तिथं तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर साधारणपणे तीस म्हणजे तीस बाइट (कॉम्प्युटरचं साठवणीचं माप), अक्षरं नव्हेत. इंग्रजीचं अक्षर एका बाइटात बसतं, आपल्या देवनागरीची प्रत्येक खूण, काना असो वेलांटी असो की हलन्त असो, यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट खाते. आता "अन्नपूर्णाबाई" लिहा. डोळ्याला सहा अक्षरं दिसतात, आत खुणा तेरा, बाइट 39. नुसतं अन्नपूर्णा बरोबर तिसात बसतं, एक बाइट इकडंतिकडं नाही. म्हणजे अन्नपूर्णा आत आणि बाई बाहेर! क्लार्कनं बाई काढून टाकली आणि पुढे गेला, त्याला काय करायचंय. उद्या त्या माउलीच्या आधारवर अन्नपूर्णाबाई आणि पोराच्या दाखल्यावर अन्नपूर्णा, की आलीच तफावत.

आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल आणि त्याचे तुकडे करून नवीन चार रकान्यांत टाकायचे असतील तर मग विचारूच नका. जिथं मोकळी जागा दिसेल तिथं तोड असं प्रोग्रॅमला सांगितलं की "राम कृष्ण" असं तोडून लिहिलेल्या पोराचं कृष्ण हे वडिलांच्या रकान्यात जातं आणि वडील आडनाव होतात. शिवाय काही ठिकाणी आडनाव आधी, काही ठिकाणी शेवटी. हे डोळ्यांनीच बघायला लागतं, रजिस्टर उघडून, एकेक.

आता वेळेचं. आठ दिवसाची मुदत देणाऱ्यांना वाटतं की कॉम्प्युटर आहे म्हणजे बटण दाबलं की होतं. आम्ही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर होतो तेव्हा टेबलाची रचना बदलायची म्हणजे फाइल एक्स्क्लूझिव्ह उघडायला लागायची, सगळ्या ऑफिसनं त्यातून बाहेर पडायचं. मी दारात उभा राहून ओरडायचो, "सगळ्यांनी बाहेर पडा रे!" आणि कॅशियर हटकून आत राहिलेला असायचा, चहाला गेलेला, स्क्रीन तशीच उघडी. रकान्याच्या नावालाही दहाच अक्षरं मिळायची. पुढं मायएसक्यूएल आलं तर त्यात कॉलम घालायचा म्हणजे ते आतल्या आत टेबलाची अख्खी नवी प्रत बनवायचं, मोठं टेबल असेल तर अर्धा दिवस काउंटर बंद. आता सुधारलंय, 2018 मध्ये मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या अकराव्या आवृत्तीत अशी सोय आली की जुन्या ओळींना हात न लावता फक्त वर नोंद करायची, या टेबलाला एक रकाना वाढलाय, जुन्या ओळीत तो विचारला तर अमुक उत्तर द्या. शेताची मोजणी न करता नुसता फेरफार ओढल्यासारखं. क्षणात होतं. तरीपण ती नोंद करायला क्षणभर टेबल एकट्याला मिळावं लागतं, आणि कुणी वार्षिक रिपोर्ट काढत बसला असेल तर ही आज्ञा त्याच्या मागं थांबते आणि हिच्या मागं बाकीचे सगळे थांबतात. आंबा घाटात एक ट्रक बंद पडला की मागची लाल डब्बा काय आणि अ‍ॅम्ब्युलन्स काय, तसं. म्हणून मी असली कामं रात्री दहानंतर करतो आणि बायकोच्या शिव्या खातो.

आणि कॉलम नीट बसला तरी त्या टेबलाला कोण कोण चिकटलेलं आहे हे कुणाला माहीत नसतं. एका ठिकाणी मी शहाणपणानं रकाना घातला, बॅकअप घेतला, स्क्रीनवर दाखवून दिलं, सगळं छान. दुसऱ्या दिवशी सकाळी पिग्मीच्या मशीनमधलं कलेक्शन अपलोडच होईना, एकाही एजंटचं नाही. का तर मशीनवाल्या कंपनीचा प्रोग्रॅम टेबलात ओळ घालताना रकान्यांची नावं न देता नुसत्या किमती ओळीनं ओतायचा, चौदा रकाने होते तोवर चौदा किमती बरोबर बसायच्या, मी पंधरावा केला आणि हिशोब चुकला. तो अडला हे नशीबच म्हणायचं. काही प्रोग्रॅम अडत नाहीत, जे वाचतात ते चौथा रकाना पाचवा रकाना असं मोजून वाचतात, मधेच नवा घुसला की पुढचं सगळं एक घर सरकतं आणि पिनकोडच्या जागी पत्ता छापला जातो.

पिनकोडवरून आठवलं. आपल्या पोस्टानं 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आणला, त्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. अख्ख्या देशाच्या पत्त्याला सहा आकड्यांचा नवा रकाना वाढवायचा, याच्यापेक्षा मोठं आल्टर टेबल कुठलं असणार सांगा. पण पिन नाही म्हणून पत्र फेकून द्या असं नाही केलं. पिन नसलेलं पत्र आजही पोहोचतं, जरा उशिरा का होईना. लोकांना फायदा दिसला, लोक लिहायला लागले. आम्ही मंडळी आज जे शिकवण्या घेऊन शिकतो, की आधी रकाना रिकामा चालेल असा घाला, मग हळूहळू भरा, भरल्याची खात्री झाली की मगच कम्पल्सरी करा, ते पोस्टानं कागदावर करून दाखवलं होतं.

माझी विनंती खात्यांना, संस्थांना, सगळ्यांनाच. नवीन माहिती मागायची असेल तर जरूर मागा, पण मागताना त्याच पत्रकात दोन ओळी जास्त लिहा, जुन्या नोंदींना हे लागू आहे की नाही, आणि ज्याचं माहीत नाही त्याच्या जागी काय ठेवायचं. नुसतं "रिकामे ठेवले तरी चालेल" एवढे चार शब्द छापले असते तर त्या क्लार्क मॅडमनी टिंब टाकलं नसतं. आठ दिवस देऊ नका, वर्ष द्या, माणूस स्वतःच्या कामानं खिडकीवर आला की तेव्हा विचारता येतं, तेव्हा तो खरं सांगतो. आणि जमलं तर अधूनमधून रकाने काढायचं पण पत्रक काढा. माझ्याकडे एका दूध संस्थेच्या टेबलात अजून "तारेचा पत्ता" आणि "फॅक्स" असे दोन कम्पल्सरी रकाने आहेत. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. सचिव म्हणतात असू दे, ऑडिटला लागतं.

आजोबांचं काम शेवटी झालं. शाळेनं पत्र दिलं, मी साडेतीन हजार टिंबं काढून परत नल केले (आधी बॅकअप घेऊन), आणि त्या एका ओळीत मॅडमनी आजोबांच्या समोर बसून तानूबाई टाइप केलं. दाखला मात्र मूळ रजिस्टरप्रमाणेच छापून दिला, तिथं तो रकाना नाही. आजोबांनी स्क्रीनवर वाकून नाव वाचलं आणि म्हणाले, ह्रस्व काढा, तानू दीर्घ आहे. ते दीर्घच होतं, फॉन्ट बारीक होता.

आपला नेहमीचा वाचक,
इचलकरंजी

ता. क. हे पत्र तुमच्या ऑनलाइन फॉर्ममधून पाठवतोय. त्यात "व्यवसाय" आणि "मधले नाव" या दोन्हीला लाल चांदणी आहे. व्यवसायाच्या यादीत माझा व्यवसाय नाही म्हणून "शेतकरी" निवडलंय. मधल्या नावाच्या जागी टिंब टाकलंय, छापताना तेवढं काढा.